शेवटचे दोन पिंजरे

प्रिय पिटुकले,

माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीस, तरी कागद पुढे ओढला की हेच नाव उमटतं. रागावू नकोस. या पत्रात रागवायला यापेक्षा चांगली कारणं आहेत.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. प्रयोगशाळेत बेसिनपाशी उभ्याउभ्या वाचलं, मग घरी येऊन पुन्हा वाचलं. नकाशे काढायचं शिकवणाऱ्या त्या संस्थेत शेकड्यांनी अर्ज येतात, अकरा जणांना घेतात, त्या अकरांत तुझा नंबर लागला, आणि तू ती जागा सोडायचं म्हणतेस. पंधरा तारखेपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. तू 'नाही' कळवण्याआधी मी दादाच्या कानावर हळूच घालावं, त्याला बरं वाटेल अशा शब्दांत, एवढंच तुझं मागणं. कारण सांगायला तू एकच ओळ खर्चलीस. बाबांना टाकून जायचा मला हक्क नाही, का ते तुलाच ठाऊक आहे, आत्या. ठाऊक आहे, बाई. तुला वाटतं त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त ठाऊक आहे. म्हणून दादाशी न बोलता आधी तुला लिहायला बसले आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय तुला माहीत आहे, तेव्हा मी थोडं इकडचंतिकडचं लिहिलं तर चालवून घे. फक्त शेवटचं पान आधी वाचू नकोस. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकांचं तू तेच करायचीस, आणि मग मी वाचून दाखवायला लागले की जांभया द्यायचीस.

दादा बरा आहे. तू महिनाभराच्या जमीन-मोजणीच्या कामावर गेल्यापासून मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे चक्कर टाकते. नव्या पायाचं नाव त्याने जावईबापू ठेवलं आहे. सकाळी मिनतवाऱ्या केल्याशिवाय येत नाहीत, आले की कुठे ना कुठे टोचतात, आणि वर आपण त्यांना काही बोलायची सोय नाही, असं म्हणतो. शिडीवर चढता येत नाही म्हणून पाट्या आता दुकानातच मोठ्या टेबलावर आडव्या ठेवून रंगवतो. परवा एका दातांच्या डॉक्टरांची पाटी चालली होती. अक्षर अजून तसंच आहे, एका ओढीत, पुन्हा ब्रश न लावता. पाटी वर चढवून ठोकायला त्याने शेजारचा सुतार गाठला आहे. दोघं दिवसभर एकमेकांच्या कामातल्या खोड्या काढतात आणि एकाच किटलीतला चहा पितात. म्हणजे ज्या कामाला तू मागे राहायचं म्हणतेस ते सुताराने कधीच बळकावलं. एकच गोष्ट दादा मला पुन्हापुन्हा विचारतो, पोरगी माझ्याशी अशी मोजून का बोलते? त्याला वाटतं, गोळ्या घ्यायला विसरला म्हणून तू त्याच्यावर धुसफुसते आहेस. मी म्हणते, कामात असेल. आठ महिने मी हेच म्हणते आहे.

आता माझ्या कामाचं. आत्या पाला उकळते, असं तू शाळेत सांगायचीस, ते फारसं खोटं नव्हतं. आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीलगत कुंपण म्हणून लावलेलं कडू पानांचं एक झुडूप आहे. आमच्या यादीत ते सातवं, म्हणून सगळे त्याला सात नंबर म्हणतात. पानं सावलीत वाळवायची, दळायची, अल्कोहोलमध्ये भिजत घालायची, गाळायची, आणि अल्कोहोल उडवून लावलं की तळाला काळपट हिरवा, डिंकासारखा चिकट अर्क उरतो. पोतंभर पाल्यातून बाटलीभर. मग पांढरे उंदीर. त्यांना एका इंजेक्शनने मधुमेह आणायचा, काहींना अर्क पाजायचा, काहींना नुसतं पाणी, काहींना दुकानात मिळतं ते औषध, आणि चार आठवडे शेपटीच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन साखर बघत बसायचं. पहिल्या सहा झाडांत माझी नऊ वर्षं गेली. एकानेही साखर तसूभर हलवली नाही. माझ्यामागून आलेली पोरं साहेब झाली, त्यांच्या दारावर दादानेच रंगवलेल्या पाट्या लागल्या, आणि मी पालेवाल्या बाई राहिले. कीव यावी म्हणून हे लिहीत नाही. सात नंबर मला किती हवा होता ते तुला कळावं म्हणून लिहिते.

आणि सात नंबर लागू पडला. जास्त मात्रा दिलेल्या शेवटच्या दोन पिंजऱ्यांत दुसऱ्या आठवड्यात साखर उतरायला लागली, तिसऱ्या आठवड्यात ती निरोगी उंदरांच्या बरोबरीला आली. मी आकडे पुन्हापुन्हा तपासले, मग दार लावून घेतलं आणि खुर्चीवर बसून चक्क रडले. आमच्याकडे पिंजरे धुणारे, भुसा बदलणारे एक मामा होते, तीस वर्षं त्याच खोलीत. मधुमेह झालेला उंदीर सारखं पाणी पितो आणि भुसा भिजवून टाकतो. मामांना रक्त न बघता नुसत्या हाताने कळायचं कुठला पिंजरा आजारी ते. ते मला जिन्यात गाठून म्हणाले, बाई, ते शेवटचे दोन पिंजरे कोरडेच असतात हो. मी म्हटलं, मामा, तुमच्या तोंडात साखर पडो. त्यांना आणखी काही सांगायचं होतं, पण मी तोवर वरच्या मजल्यावर पोचले होते.

त्या रविवारी मी तुमच्याकडे आले ते तुला आठवणार नाही. तुझी परीक्षा होती, तू आतल्या खोलीत कानात बोळे घालून बसली होतीस. डॉक्टरांनी दादाला नुकतंच सांगितलं होतं की गोळ्यांवर भागत नाही, जोडीला इन्सुलिनची सुई सुरू करू. तीन मजले उंच शिडीवर शीळ घालत उभा राहणारा हा माणूस सुईचं नाव काढलं की किती बापुडा होतो ते तू बघितलं आहेस. मी त्याला सात नंबरचं सांगितलं. सांगितलं कसलं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. वहिनी असती तर तिने एका वाक्यात मला जमिनीवर आणलं असतं. दादा हातातलं काम ठेवून ऐकत राहिला. शाळेत मी पहिली आले की असाच ऐकायचा, जसा काही नंबर त्याचाच आला आहे. मग हळूच म्हणाला, मला चालेल का गं ते? आणि पुढच्या रविवारी मी पर्समधून बाटली काढून त्याच्या हातात ठेवली. उंदरांपलीकडे कुणालाही कधी न दिलेला अर्क, प्रयोगशाळेच्या कपाटातून, कुणालाही न विचारता. तुला वाटेल हेच सांगायचं होतं. एवढंच असतं तर मी तुला केव्हाच सांगून टाकलं असतं.

बाटली उजेडात धरून दादाने विचारलं, मग गोळ्यांचं काय? त्या सुरूच ठेवू ना? शहाणा प्रश्न होता. सुरूच ठेव, असं त्याला रस्त्यावरच्या कुणीही सांगितलं असतं. पण माझं डोकं तेवीस वर्षं एकाच रुळावर चालत आलं आहे. दोन औषधं एकदम दिली तर गुण कशाचा ते कळत नाही, हे मी दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवते. म्हणून मी म्हणाले, गोळ्या थांबव थोडे दिवस, म्हणजे साखर कशाने उतरते ते नीट कळेल. अगदी याच शब्दांत. सुईचीही घाई करू नकोस म्हणाले. तो लगेच कबूल झाला, कारण सुई टळत होती आणि सांगणारी मी होते. घरी येऊन मी वहीचं नवं पान उघडलं. त्यावर दादाचं नाव नाही. क्रमांक एक, पुरुष, वय चौपन्न, वजन बहात्तर, असं आहे. मला स्वतःची लाज वाटते, पिटुकले. तेव्हा वाटली नाही, तेव्हा मी तारीख टाकून खाली रेघ मारली आणि जेवायला बसले.

रोज सकाळी डोळे मिटून तो बोट टोचायचा आणि फोनवर आकडा सांगायचा. एकशे दहा. एकशे बारा. एकशे आठ. असे आठवड्यामागून आठवडे. माझ्या हाताखालच्या एखाद्या पोरीने इतके गुळगुळीत आकडे आणले असते तर मी तिला उभं करून विचारलं असतं की खऱ्या माणसाची साखर कधी अशी रांगेत चालते का. दादाचे आकडे मात्र मी आनंदाने उतरवून घेतले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. त्याच सुमारास मोठ्या परिषदेत माझा पेपर होता. पालेवाल्या बाईंना पहिल्यांदा व्यासपीठावर खुर्ची मिळणार होती, आणि मी घालायच्या कपड्यांपासून सगळं दादाशी बोलत होते. पहिले दहा दिवस त्याचे आकडे खरे होते. त्याने चहातली साखर सोडली होती, सकाळचा चालत होता, त्याचा तो गुण. मग साखर चढत गेली, आणि तो खोटं सांगत गेला. तुझं भाषण होऊन जाऊ दे म्हटलं, मग सांगेन, हे त्याने मला नंतर हॉस्पिटलात सांगितलं. माझा हिरमोड होऊ नये म्हणून माझा भाऊ तीनशेच्या वर साखर घेऊन शिड्या चढत होता. तिकडे पेपर संपल्यावर बराच वेळ टाळ्या वाजल्या.

पुढचं तू पाहिलंस. नवा बूट चावला, करंगळीपाशी फोड आला, पावलांची जाणीव कमी झालेली असल्याने त्याला तो कळलाही नाही. मी परिषदेहून परतले तेव्हा बोट काळं पडलं होतं. आधी बोट गेलं, मग चवडा, मग गुडघ्याखालून पाय काढावा लागेल असं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? दादाने माझ्याकडे बघितलं, मग छताकडे, आणि म्हणाला, विसरलो. नऊ आठवडे? डॉक्टर म्हणाले. हो, विसरलो. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते आणि तू माझ्या शेजारी होतीस. तू बाहेर गेल्यावर मी त्याला म्हटलं, मी सांगते डॉक्टरांना काय झालं ते. तर म्हणाला, गप बस, तुझी नोकरी जाईल आणि पाय काही परत यायचा नाही. एरवी मी त्याचं कधी ऐकलं आहे? त्या दिवशी ऐकलं. मोठ्या भावाचा शब्द मोडू नये, असं मी स्वतःला समजावलं, आणि ते मला फार सोयीचं पडलं.

तुला वाटेल, निदान औषध तरी खरं होतं. सात महिने मीही त्याच समजुतीवर दिवस काढले. माणसाला लागू पडलं नाही, दादाचं नशीब. उंदरांना तर पडलं. गेल्या महिन्यात मामा निवृत्त झाले आणि जाताना त्यांची भुसा बदलायची वही माझ्या टेबलावर ठेवून गेले. कुठला पिंजरा किती ओला, रोजची नोंद, पेन्सिलीने, ठसठशीत अक्षरात. शेवटचे दोन पिंजरे इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवसापासून कोरडे होते. अर्क आम्ही आठव्या दिवशी पाजायला सुरुवात केली. म्हणजे जे मी बरे केले ते उंदीर धड आजारी पडलेच नव्हते. थोडीफार चढलेली साखर त्यांची ती उतरली. मग मला इंजेक्शनचा दिवस आठवला. ते औषध विरघळवलं की थोड्याच वेळात त्याचा जोर ओसरतो, म्हणून ते लागेल तसं ताजं करायचं असतं. मी सगळ्यांपुरतं एकदम केलं. दोन पिंजरे उरले होते तोच आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंनी पाहुण्यांना खोल्या दाखवायला बोलावलं. तासाभराने आले आणि उरलेलं तेच शेवटच्या दोन पिंजऱ्यांना टोचलं. आधी आजार आणायचा, कोण आजारी पडलं ते बघायचं आणि मगच कुणाला काय पाजायचं ते ठरवायचं, हा नियम. मी मात्र टापटिपीच्या हौसेने चिठ्ठ्या आदल्या दिवशीच पिंजऱ्यांना बांधून ठेवल्या होत्या. सुरुवातीची साखरही प्रत्येक पिंजऱ्यातल्या एकाचीच पाहिली, ती मधुमेहाच्या रेषेच्या जेमतेम वर निघाली, आणि मी पुढे गेले. मामा जिन्यात हेच सांगायला आले होते. त्यांची वही चार आठवडे माझ्या खणात पडून होती. तुझं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मोठ्या बाईंपुढे ठेवली, सोबत पेपर मागे घ्यायचा अर्ज, आणि वेगळ्या कागदावर बाटलीची हकीकत. चौकशी होईल. मला खोलीची किल्ली परत द्यायला सांगितलं आहे, ती मी दिली.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. पाय काढायला दादाला आत नेलं तेव्हा आपण दोघी बाहेर बाकावर बसलो होतो. तू खाली मान घालून मला सांगितलंस की आठवड्याची गोळ्यांची डबी दर रविवारी तूच भरायचीस, पण परीक्षेच्या दिवसांत कंटाळून म्हणालीस, बाबा, आता तुमची तुम्ही भरा. आणि परवा कपाट आवरताना सगळी पाकिटं न फोडलेली सापडली. माझ्यामुळे झालं, आत्या, असं म्हणालीस. एका वाक्यात मी तुला मोकळं करू शकत होते. मी काय केलं? तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, जाऊ दे पोरी, चुका माणसाकडूनच होतात, मी कुणाला सांगायची नाही. मी तुला माफ केलं, पिटुकले. गुन्हा माझा, आणि माफी मी तुला दिली. तू रडत रडत माझे आभार मानलेस, आणि मी ते घेतले. पायाचा माझा अपराध दादाने केव्हाच पोटात घातला आहे, पण बाकावरचं हे त्याला माहीतच नव्हतं. आज दुपारी इथवरचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. गोळ्यांचं, उंदरांचं ऐकताना तो ब्रश पुसत होता. बाकापाशी आले तेव्हा त्याचा हात थांबला. माझी पोरगी आठ महिने हे घेऊन बसली? एवढंच बोलला. मग म्हणाला, तू आता घरी जा. असं तो मला आयुष्यात कधी म्हणाला नव्हता. मी घरी येऊन या शेवटच्या ओळी लिहिते आहे. तू डबी काठोकाठ भरली असतीस तरी त्यातली एक गोळी दादाने घेतली नसती, कारण त्या घेऊ नकोस असं मी त्याला सांगितलं होतं. तुझ्या हातून काहीही झालेलं नाही. पंधरा तारखेच्या आत संस्थेला होकार कळव आणि बाबांना फोन कर, तो वाट बघतो आहे. माझ्याशी पुन्हा बोलायचं की नाही ते सावकाश ठरव. त्याला शेवटची तारीख नाही.

अजूनही तुझीच,
आत्या